आमच्या किटलीला पांढरा थर का धरत नाही?

या भागाची सुरुवात एका किटलीपासून करतो. खरं तर दोन. बाबांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दोन इलेक्ट्रिक किटल्या घेतल्या. एक आम्हाला रत्नागिरीत, दुसरी बार्शीच्या आत्याला. दोन वर्षांनी मी आत्याकडे गेलो तर तिच्या किटलीच्या तळाला पांढरा, खरबरीत थर. नखाने खरवडला तरी निघेना. आमची आतून अजून लख्ख. घरी येऊन मी हे सांगितलं, आणि आईने "बघा, वस्तू कशी वापरावी" असा चेहरा केला. तेवढ्यात आजी म्हणाली, "तिचा काय दोष नाय हो त्यात. तिकडचं पाणीच जड."

आता हे "जड पाणी" म्हणजे काय? शाळेच्या पुस्तकात याला "दुष्फेन" आणि "सुफेन" असे भारदस्त शब्द होते, आठवतंय? दुष्फेन म्हणजे ज्याला फेस नीट येत नाही ते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असले की ते साबणाला पकडतात आणि त्याचा चिकट साका करतात. फेस नंतर, आधी साका. तूरडाळ शिजायला वेळ लागतो, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. आणि पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मग कॅल्शियम विरघळलेलं राहू शकत नाही. ते तळाला बसतं. आत्याच्या किटलीतला तो थर म्हणजे चक्क चुनखडी.

हे मोजायची पहिली चांगली पद्धत थॉमस क्लार्क नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने काढली. ॲबर्डीनला प्राध्यापक होता. 1841 मध्ये त्याने जड पाणी मऊ करायच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, आणि त्याची जडपणाची चाचणी तर इतकी साधी की तुम्ही घरी करू शकता: पाण्यात साबणाचं द्रावण थोडं थोडं टाकत हलवायचं, आणि टिकणारा फेस येईपर्यंत किती साबण लागला ते बघायचं. आज भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं.

बरं, मग बार्शीचं पाणी जड आणि रत्नागिरीचं मऊ, हे का? मजा अशी की दोन्हीकडचा मूळ दगड एकच आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्याचा हा काळा बेसॉल्ट. बार्शीच्या विहिरीत तोच आणि आमच्या पायाखालीही तोच. या दगडात वजनाने साधारण दहावा हिस्सा कॅल्शियम ऑक्साइड असतो, वर मॅग्नेशियमही. म्हणजे चुना दोघांच्याही वाट्याला आला होता. आमचा गेला कुठे?

पावसाने नेला. सह्याद्री मध्ये उभा आहे. त्याच्या अलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पलीकडच्या पर्जन्यछायेत पाचशे ते सातशे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम बाहेर काढतं. देशावर हे पाणी फार लांब जात नाही. जमिनीत मुरतं, दगडाच्या भेगांत महिनोन्‌महिने राहतं, चुना पीत बसतं. वरच्या मातीतलं उन्हाने आटतं आणि चुना तिथेच सोडतं. काळ्या रानात नांगरताना जे पांढरे खडे वर येतात ते हेच. कोकणात मात्र लाखो वर्षं पाणी येत राहिलं आणि दगड धूत राहिलं. चुना गेला, सोडा गेला, बरीचशी सिलिकासुद्धा गेली. जे विरघळत नाही ते उरलं: लोखंड आणि ॲल्युमिनियम. तो लाल, भोकाभोकांचा दगड म्हणजे आपला जांभा.

या दगडाला जगभर जे नाव आहे, "लॅटेराइट", ते दिलं फ्रान्सिस बुकॅनन याने. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. मलबारात फिरताना अंगाडीपुरमजवळ त्याने पाहिलं, की लोक हा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढतात आणि हवेत ठेवला की तो टणक होतो. लॅटिनमध्ये वीट म्हणजे "लेटर". 1807 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि नाव रूढ झालं. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चिरेखाणी होत्या आणि चिऱ्यांची घरं होती. पण नाव ठेवायचा मान पुस्तकवाल्याला, हे नेहमीचंच.

आता मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा तुकडा सांगतो. जांभ्यात चुना नाही. मग जुन्या कोकणात किल्ले, देवळं, वाडे बांधताना चुना आणायचे कुठून? देशावर त्या पांढऱ्या खड्यांची भट्टी लावायचे. इथे खडेच नाहीत. तर इथे समुद्रातले शिंपले भाजायचे! म्हणजे बघा, डोंगरातलं कॅल्शियम पावसाने नदीत नेलं, नदीने समुद्रात नेलं, तिथे कालवं-तिसऱ्यांनी ते उचलून आपली घरं बांधली, आणि माणसाने तीच घरं भट्टीत भाजून आपल्या घराला लावली. पुढच्या वेळी किनाऱ्यावरच्या एखाद्या जुन्या भिंतीत शिंपल्याचा तुकडा दिसला तर फोटो काढा.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पाणी मऊ, साबण कमी, डाळ पटकन शिजते. आत्या मे महिन्यात आली की पहिली आंघोळ करून म्हणते, "केस कसे हलके झाले गं!" पण तिला नेमका मे महिनाच मिळतो, आणि मे महिन्यात आमची विहीर तळाला गेलेली असते.

इथेच खरी गोम आहे. आमचं पाणी मऊ आहे त्याला दोन कारणं. एक, दगडात चुना उरला नाही. दुसरं, पाणी दगडात थांबत नाही. जांभा म्हणजे चाळण. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून सरसर खाली जातो. खाली चिकणमातीचा थर लागतो. रत्नागिरीत विहिरी खोदताना जांभ्याखाली निळसर चिकणमाती आणि तिच्यात कोळशासारखं काळं पडलेलं जुनं लाकूड मिळतं, हे एकोणिसाव्या शतकातच नोंदलं गेलंय. 1871 मध्ये विल्किन्सन यांनी दक्षिण कोकणच्या भूरचनेवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात लिहिलं, तेव्हापासून अभ्यासक या थरांकडे बघतायत. तर, चिकणमाती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं वाहतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर पडतं. आमच्या किती वाड्या बरोबर त्या रेषेवर वसल्यात, नकाशा उघडून बघा: वर उघडा कातळ, खाली झाडी आणि घरं. पाणी जिथे फुटलं तिथे माणूस राहिला.

पण झऱ्यातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून नदीत, नदीतून खाडीत. पाऊस थांबला की काही महिन्यांत जांभा रिकामा होतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडलेल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकर लागतो तो यामुळे. पाणी दगडात जास्त राहिलं असतं तर जास्त क्षार घेऊन आलं असतं, आणि मे महिन्यात शिल्लकही असतं. आमची लख्ख किटली आणि आमची कोरडी विहीर ही एकाच दगडाची करणी आहे.

आता थोडी घरची फजिती. तीनेक वर्षांपूर्वी दारावर पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा आला. कंपनीचं नाव घेत नाही. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्रातलं. दोन्हींत दांड्या बुडवून वीज सोडली. आमचं पाणी तपकिरी व्हायला लागलं! आई घाबरली. "हे तुम्ही पिता," तो म्हणाला. यंत्र घेतलं.

नंतर कॉलेजात कळलं, की तो तपकिरी रंग पाण्यातला नव्हताच, दांडीच्या लोखंडाचा होता. पाण्यात जरासे क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि दांडी विरघळते. त्याच्या पाण्यात क्षारच नव्हते, म्हणून ते स्वच्छ राहिलं. मी मित्राकडून टीडीएस मीटर आणला. आमच्या नळाचा आकडा शंभराच्या आत. आरओ यंत्राचं मुख्य काम क्षार काढणं, आणि आमच्याकडे काढायला क्षार आहेत कुठे? जंतूंची भीती असेल तर पाणी उकळा, नाहीतर साधा यूव्ही फिल्टर घ्या. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आणि ते यंत्र 1 लिटर पाणी देताना साधारण 3 लिटर मोरीत सोडायचं. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा नळ एक दिवसाआड येत होता! 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं, की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या स्वयंपाकघरात मात्र यंत्र चालूच होतं, कारण आईला तो तपकिरी ग्लास विसरता येईना. तिला दोष देत नाही. मीही तेव्हा शेजारी उभा राहून मान हलवली होती.

मऊ पाणी म्हणजे सगळंच गोड असंही नाही हां. ग्लासगो शहराने 1859 मध्ये लॉक कॅट्रिन तळ्याचं अतिशय मऊ पाणी आणलं. साबण वाचला, सगळे खूश. पण मऊ, किंचित आंबट पाणी पाइप खातं, आणि तिथे पाइप शिशाचे होते. शिसं लोकांच्या पोटात जातंय हे नीट लक्षात येऊन पाण्यात चुना मिसळायला सुरुवात झाली ती 1970 च्या दशकात. आमच्याकडे शिशाचे पाइप नाहीत, पण लोखंडी पाइप गंजून नळाखाली तांबडा डाग पडतो, तो याच स्वभावाचा.

शिवाय जिल्ह्यात सगळीकडे एकच पाणी नाही. रत्नागिरी शहराला मुख्यतः शीळ धरणाचं पाणी येतं, ते पावसाचं साठवलेलं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, कारण गोडं पाणी उतरलं की समुद्र आत सरकतो. तुरळ, आरवली, राजापूरचं उन्हाळे इथल्या गरम झऱ्यांचं पाणी खोलवरच्या भेगांतून येतं आणि क्षार घेऊन येतं. आणि आता बोअरवेल. जांभा आणि चिकणमाती पार करून बोअर खालच्या काळ्या दगडात गेली की पाणी तेच करतं जे बार्शीत करतं: भेगांत बसून चुना पितं.

आमच्या वाडीत गेल्या काही वर्षांत अशा बोअर झाल्यात. मे महिन्यात आम्ही शेजारच्या काकांच्या बोअरचं पाणी भरतो. आरओ यंत्र आईने गेल्या वर्षी काढून माळ्यावर टाकलं, आजीने त्याची नळी पोफळीला पाणी द्यायला वापरली. आणि परवा किटली धुताना मला तळाशी काहीतरी बोटाला लागलं. पातळसं, पांढरट. आत्याला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "व्हिनेगर टाकून उकळ. रात्रभर ठेव."