कायदा कोणाचा आणि पोर कोणाचे?



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या कामठ्याजवळच्या एका गावात धानाची कापणी चालू असताना हार्वेस्टर यंत्रावरून मोठा वाद पेटला. मजुरांची बाजू घेऊन मी पारावर बोललो. यंत्र आणणारे सारे गरिबांचे वैरी आहेत आणि यंत्राची तरफदारी करणारा प्रत्येकजण कोणाच्या तरी पैशाने बोलतो आहे, असे मी ठासून सांगितले. टाळ्याही पुष्कळ पडल्या. सभा उठल्यावर एक वृद्ध मजूरबाई जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, मजुरीचं बोलले ते बरं केलं. पण दिवसभर वाकून कापतं कोण? कंबर माझी मोडते ना! तेही बोलाले पाहिजे होतं." माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या भाषणाचे तुकडे पुढे महिनाभर लोकांच्या मोबाईलवर फिरत होते. तिचे वाक्य मात्र कोणी टिपले नव्हते.

मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही. जे थोडे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. त्या वाचनातले एक जुने प्रकरण या बाईच्या बोलण्याने पुन्हा डोळ्यांपुढे आले, आणि तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

१ जानेवारी १८७७ या एका दिवशी तीन गोष्टी घडल्या. दिल्लीला दरबार भरून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली व त्या पदवीवरूनच तिचे नाव एम्प्रेस मिल पडले. आणि पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' हे पत्र काढले. राज्य, यंत्र आणि गरिबाचा आवाज, तिघांचा मुहूर्त एकच! १८८० साली हे पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईस नेऊन चालवावयास घेतले. लोखंडे स्वतः काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणी त्यांनी आतून पाहिली होती, हे पुढच्या हकीकतीत ध्यानात ठेवावे.

त्या वेळी गिरणीचे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. सात-आठ वर्षांची पोरे साच्यांखाली रांगत असत. याला आळा घालणारा कायदा व्हावा अशी मागणी निघाली. पण ती मोठ्या आवाजात केली कोणी, तर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी! मुंबईचा माल त्यांच्या मालाशी टक्कर देऊ लागला होता. इथल्या गिरण्यांचे तास कमी झाले की त्यांचा माल खपणार, हा हिशेब उघड होता. तेव्हा आपली राष्ट्रीय बाण्याची बहुतेक पत्रे गरजली, की हा कायदा म्हणजे देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव आहे.

ही ओरड खोटी होती काय? मुळीच नाही. १८८२ साली परदेशी कापडावरील आयातकर जवळजवळ पूर्णपणे उठविला गेला, आणि १८९६ साली देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. लँकेशायरच्या दयाळूपणाचे पोट कोठे होते, ते यावरून समजते. त्या पत्रकारांना कामगारांचे शत्रू ठरविणेही उथळपणाचे होईल. 'मराठा' पत्रात तर आगरकरांच्या प्रभावाच्या काळात मालकांनी कामगारांना सवलती द्याव्यात असा सूर निघालेला आहे.

परंतु डाव खरा होता म्हणून साच्याखालचे पोर खोटे ठरत नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ च्या सुमारास कायद्याचा मसुदा पुढे आणला, तो काही लँकेशायरच्या प्रेमाने नव्हे. अखेर १८८१ चा कारखाने कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना बंदी, बारापर्यंतच्या मुलांना नऊ तास. आणि तेही शंभर माणसांवरच्या कारखान्यात. प्रौढांना, बायकांना काहीच नाही.

लोखंड्यांचे मोठेपण मला येथे दिसते. कायद्यामागे कोण उभा आहे, या वादात ते गुंतून पडले नाहीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या पाहाव्यात: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, जखमी कामगाराची सोय व्हावी. यात गिरण्या बंद करा असे कोठेही नाही, आणि मँचेस्टरचा जयजयकारही नाही. जो साच्यापुढे उभा राहतो त्याला काय हवे, एवढेच आहे. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या, आणि १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने बायकांना अकरा तासांची मर्यादा मिळाली.

अर्जातला 'सूर्यास्त' हा शब्द मला फार बोलका वाटतो. अंधार पडला की साचा थांबे. सूर्य हाच कामगाराचा वकील! पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास कामाचे तास तेरा-चौदावर गेले. दिवा वाईट होता असे कोण म्हणेल? त्याच विजेखाली आज आपण बसलो आहोत. गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालावयास १९११ चा कायदा यावा लागला. उलट आमच्या गोंदियाकडच्या बिडीच्या धंद्यात यंत्र जवळजवळ नाहीच. सुपात पान-तंबाखू घेऊन बाई आपल्याच ओसरीवर बसते. तरी काय झाले? काम घरोघर वाटल्यामुळे कारखान्याचा कायदा तिच्या दारापर्यंत पोहोचत नसे. १९६६ साली बिडी-कामगारांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

असो. त्या बाईकडे मी पुन्हा गेलो. या खेपेस भाषण केले नाही, विचारले. तिच्याबरोबर आणखी दहा-बारा जणी बसल्या. त्यांच्या सांगण्यावरून जे मागणीपत्र तयार झाले त्यात 'यंत्र बंद करा' हे माझे आवडते वाक्य नाही. मोठ्या, कोरड्या बांध्यांत यंत्र चालावे. ओल्या, अडचणीच्या आणि धान लोळलेल्या बांध्यांची कापणी मजुरांकडे राहावी व तिचा दर वेगळा, चढा असावा. रोवणीची मजुरी आधी ठरवावी, असे त्यात आहे. शेतकऱ्यांपैकी काहींनी ते वाचून घेतले, काहींनी परत पाठविले. येत्या रोवणीपूर्वी पुन्हा बैठक आहे. तिथे पहिल्याने ती बाई बोलणार आहे, मी नंतर.