यात्रेचा आखाडा आणि इनामाची कुस्ती

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या गावांत यात्रेचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. पहिल्या दिवशी देवाची पालखी, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. इगतपुरी-नाशिककडे या कुस्त्यांना दंगल म्हणतात, अकोले-जुन्नरकडे हगामा, तर कोल्हापूर-साताऱ्याकडे फड किंवा मैदान. नाव कोणतेही असो, पैसे घेऊन कुस्ती खेळणारा पहिलवान महाराष्ट्रात पोसला गेला तो दोन जागी: राजाच्या दरबारात आणि गावच्या यात्रेत. दरबार गेले, यात्रा राहिल्या.

यांपैकी दरबाराची परंपरा लेखी स्वरूपात फार मागे जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. वय, अंगलट आणि ताकद पाहून मल्लांची प्रतवारी लावावी, त्यांच्या खाण्यापिण्याची आणि मेहनतीची व्यवस्था राजाने करावी, जोडी लावून झुंजवावे आणि जिंकणाऱ्याला बक्षीस द्यावे, असा तो सगळा बंदोबस्त आहे. मल्ल हा राजाच्या पदरी राहून चरितार्थ चालवणारा माणूस होता, हे त्यातून स्वच्छ दिसते. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्लांची तर कुस्ती हाच पिढीजात धंदा असलेली जातच होती. ‘मल्लपुराण’ हे त्यांचेच पुराण.

पेशवाईच्या उत्तरकाळात नाशिक परिसराचे नाव या इतिहासात येते ते बाळंभटदादा देवधरांमुळे. गोदाकाठच्या कोठुऱ्याचे हे देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाच्या राज्यातले अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात येऊन आव्हान देऊ लागले, तेव्हा बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीवर अनुष्ठान केले, तिथे त्यांना मल्लखांबाची विद्या सुचली आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केले, अशी कथा सांगितली जाते. अनुष्ठानाचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवला तरी कथेतला व्यवहार नीट पाहण्याजोगा आहे. परमुलखातला पहिलवान राजधानीत येतो, ‘जोड द्या, नाहीतर जैतपत्र द्या’ म्हणतो, आणि दरबाराच्या अब्रूचा प्रश्न उभा राहतो. फिरत्या मल्लाचा धंदा या आव्हानावरच चालत असे. १८१८ नंतर बाजीरावाबरोबर देवधरही ब्रह्मावर्ताला गेले आणि ही विद्या उत्तरेत पसरली. पुण्यात मागे उरल्या त्या पेठापेठांतल्या तालमी. चिंचेची तालीम ही त्यांतली जुनी आणि अजून नांदती.

इंग्रजी अमलात मोठा आश्रय संस्थानांचा. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांना हिऱ्यांचा जेवढा शौक तेवढाच पहिलवानांचा. सांगली, मिरज, औंध इथेही तालमी भरलेल्या असत. पण कुस्तीला दरबाराच्या चौकातून बाहेर काढून लोकांसमोर मांडले ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. १८९४ मध्ये गादीवर आल्यापासून त्यांनी पंजाबपासून कर्नाटकापर्यंतचे मल्ल पदरी ठेवले, तालमी बांधल्या, खुराकाची सोय लावली. १९०२ च्या विलायत दौऱ्यात पाहिलेल्या मैदानांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी खासबाग मैदान उभारले. मधोमध मातीचा हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पकड दिसावी, ही त्यामागची साधी दृष्टी. १९१२ मध्ये तिथे विख्यात पहिलवान गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची कुस्ती झाली. हजारो माणसे जमिनीवर बसून कुस्ती पाहतात, हे दृश्य महाराष्ट्राला तिथून सवयीचे झाले.

इगतपुरीचा पट्टा कोणत्याही संस्थानात नव्हता. इथे मल्ल पदरी ठेवणारा राजा नाही, पावसाळा अंगावर येणारा, शेती भाताची. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोहोचली. रेल्वेची वसाहत झाली, मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली. गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेला घाटावरचा गडी मुंबईतही तालीम शोधू लागला आणि यात्रेला गावी येताना अंगावरची मेहनत घेऊन येऊ लागला. पुढे रेल्वे आणि पोलीस खाते हे पहिलवानांचे मोठे पोशिंदे झाले. पण गावात कुस्तीचा पैसा जमत होता तो पट्टीतून.

हा पट्टीचा व्यवहार जरा जवळून पाहावा लागतो. यात्रा कमिटी घरटी वर्गणी ठरवते. देवाचा खर्च, तमाशाची बिदागी आणि कुस्त्यांचे इनाम असे तिचे वाटे पडतात. आखाड्यासाठी गावाबाहेरचे शेत किंवा ओढ्याकाठची मऊ जागा खणतात, खडे वेचतात, तांबडी माती पसरतात. तालमीतल्या हौद्याची माती तर ताक, तेल, लिंबू, हळद आणि कापूर घालून मुरवलेली असते. अंगाला लागली तरी खरचटू नये आणि जखम चिघळू नये म्हणून. यात्रेच्या आखाड्याला एवढे लाड परवडत नाहीत. तिथे नारळ फुटतो, मारुतीच्या नावाने गुलाल पडतो, हलगी कडाडते आणि पोरे लंगोट कसून उतरतात.

सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी. सहा-सात वर्षांची पोरे मूठभर रेवड्यांसाठी लोळतात आणि लोक पोट धरून हसतात. मग नारळाच्या कुस्त्या, मग रुपया-दोन रुपयांच्या, आणि उन्हे कलतात तसे इनामाचे आकडे चढत जातात. वजनकाटा कुठेच नाही. पंच दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभे करतो, दंड चाचपतो, मांडी पाहतो आणि ‘जोड आहे’ किंवा ‘जोड नाही’ म्हणतो. मोठा गडी इनामाची रक्कम हातात धरून आखाड्याला फेरी मारतो. ज्याला ती घ्यायची असेल त्याने पुढे होऊन हात मिळवायचा. शेवटची कुस्ती मात्र आधीच नेमलेली. तिच्यासाठी कमिटीची माणसे महिनाभर आधी वस्तादांकडे जाऊन सुपारी देऊन येतात.

निकाल चितपटीवर. दोन्ही खांदे मातीला लागले पाहिजेत. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत, मोठ्या कुस्तीला वेळेचे बंधनही जुन्या काळी फारसे नसे. जिंकलेला गडी फेटा बांधून आखाड्याच्या कडेने फिरतो आणि लोक त्याच्या हातात नोटा कोंबतात. पुष्कळदा ही फिरती कमाई ठरलेल्या इनामाच्या वर जाते.

यात लबाडीला जागा नव्हती असे नाही. दोन पहिलवानांनी आधीच संगनमत करून इनाम वाटून घ्यायचे आणि लोकांसमोर नुसते अंग घासायचे, याला नुरा कुस्ती म्हणतात. शब्द मराठी राजकारणात इतका रुळला आहे की त्याचा मूळ धंदा विसरला जातो. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे समोरासमोर आले, किंवा दोघांनाही पुढच्या आठवड्यात दुसरी यात्रा गाठायची असली, की नुऱ्याचा संशय येतोच. पण गावाकडे त्यावर इलाज होता. बघणाऱ्यांत निम्मे लोक कधी ना कधी मातीत उतरलेले; ढाकेचा डाव लागत असताना मुद्दाम सोडला की कडेचा म्हातारा ओरडून सांगणार. पंच कुस्ती सोडवून टाकतात, इनाम अर्धे होते किंवा परत कमिटीच्या पेटीत जाते, आणि त्या गड्याला पुढच्या वर्षी सुपारी येत नाही. वर्गणी देणारा, बघणारा आणि न्याय करणारा हे तिघे एकच असल्यामुळे कुस्ती खरी ठेवण्यात गावाचा स्वतःचा स्वार्थ होता.

अमेरिकेतल्या छोट्या गावांत नेमके हेच घडले नाही, म्हणून तिकडची गोष्ट इथे ताडून पाहण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यांत फिरत्या जत्रा गावोगाव तंबू ठोकत. त्यांत पहिलवानांचा एक तंबू असे. आमच्या गड्यापुढे इतकी मिनिटे टिकून दाखवा आणि बक्षीस न्या, अशी दवंडी पिटली जाई. गावातला दणकट शेतमजूर पुढे होई, गाव त्याच्यावर पैज लावी, तिकिटे खपत. कधी पुढे होणारा ‘गावकरी’ जत्रेचाच माणूस असे. आयोवाचाच मार्टिन ‘फार्मर’ बर्न्स अशा आव्हानांतून नावारूपाला आला आणि त्याने घडवलेला हम्बोल्टचा फ्रँक गॉच जगज्जेता झाला. हाच गॉच १९०१ मध्ये सोन्याच्या शोधात माणसे लोटलेल्या क्लोंडाइकमध्ये फ्रँक केनेडी असे खोटे नाव घेऊन कुस्त्या खेळला. ओळख लपवली की पैजेचा भाव चांगला मिळे. १९०८ मध्ये शिकागोत त्याने जॉर्ज हॅकेनश्मिटला हरवले आणि १९११ मध्ये पुन्हा हरवले, तेव्हा कुस्ती तिथला मोठा लोकप्रिय खेळ होता.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती खेळ राहिली नाही. तंबूवाल्याचा पैसा तिकिटावर आणि पैजेवर. बघणारा एका रात्रीचा गिऱ्हाईक. जत्रा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी. खरी कुस्ती तासन्‌तास लांबून कंटाळवाणी होण्यापेक्षा ठरवून केलेली चटपटीत कुस्ती धंद्याला सोयीची. १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँग्लर’ लुइस आणि त्याच्या दोन भागीदारांनी ती रीतसर नाट्यप्रयोगासारखी बसवली. १९४८ मध्ये आयोवातल्याच वॉटर्लू गावी कुस्त्या भरवणाऱ्या कंत्राटदारांनी एकत्र येऊन संघ काढला आणि देशाचे इलाखे आपसांत वाटून घेतले.

या दोन जगांची गाठ पडली ती लंडनमध्ये. १९१० मध्ये गामा तिथे गेला, तेव्हा उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. त्याने जत्रेतल्यासारखेच जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचा डॉ. बेंजामिन रोलर पुढे आला आणि थोडक्यात चीत झाला. सप्टेंबरात पोलंडचा झिबिस्को मात्र अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांश पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. फेरकुस्तीला तो फिरकलाच नाही. या लढतीसाठी ठेवलेला पट्टा गामालाच मिळाला. १९२८ मध्ये पतियाळात झिबिस्को पुन्हा समोर आला, तेव्हा निकाल मिनिटाच्या आत लागला.

ठरवून खेळायच्या कुस्तीचा वारा मुंबईला लागला तो मुख्यतः स्वातंत्र्याच्या आगेमागे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये किंग काँग आणि दारासिंग यांच्या ‘फ्रीस्टाइल’ दंगलींना तुडुंब गर्दी होई. १९६८ मध्ये दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले ती लढतही मुंबईचीच. ही रिंगणातली कुस्ती मातीतल्या वस्तादांना मानवली नाही. अलिगडच्या पहिलवान हमीदा बानूचे प्रकरण १९५० च्या दशकातले. ‘मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन’ अशी तिची जाहिरात होती. पुण्यात एका पुरुष मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती तालीम संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. मुंबई राज्यात तिच्या कुस्त्यांना मनाई झाली तेव्हा तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. बाई म्हणून नव्हे, तर तिच्यासमोर बनावट गडी उभे केले जातात अशा तक्रारी आल्या म्हणून मनाई आहे, असे उत्तर त्यांनी दिले. खरे कारण कितपत हे होते, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण नुऱ्याचा आरोप हा बंदीला पुरेसा आधार ठरत होता, एवढे नक्की.

संस्थाने विलीन झाली तशी दरबारची खुराकी आटली. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना लोकवर्गणी काढावी लागली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण ते पदक गादीवरच्या कुस्तीचे, गुणांच्या आणि वजनगटांच्या नियमांचे होते. मातीतल्या पहिलवानाला हे नियम नवे होते आणि त्यात पैसाही नव्हता. पोट भरायचे तर यात्राच गाठायला हव्या होत्या.

या दोन्हींचा मेळ घालण्याचे काम १९५३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेकडे आले. १९६१ मध्ये औरंगाबादला पहिला ‘महाराष्ट्र केसरी’ किताब दिनकर दह्यारी यांनी जिंकला. पुढे या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग झाले. दोन्हीकडचे विजेते किताबासाठी लढतात. किताबाचा खरा उपयोग पुढच्या हंगामात होतो. केसरी म्हणवणाऱ्या मल्लाची सुपारी वाढते, फ्लेक्सवर त्याचा फोटो लागतो आणि पाच-पंचवीस गावांच्या कमिट्या त्याच्या तारखा मागू लागतात.

नाशिकला हा किताब मिळायला २०२० साल उजाडावे लागले. इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यातला हर्षवर्धन सदगीर भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडला, पुढे पुण्यात काका पवारांच्या तालमीत गेला आणि नाशिककडून खेळला. बालेवाडीच्या अंतिम लढतीत समोर लातूरचा शैलेश शेळके होता. तोही काका पवारांचाच पठ्ठा. एका वस्तादाचे दोन पठ्ठे समोरासमोर आले की जुने जाणकार डोळे बारीक करतात. ही कुस्ती मात्र शेवटपर्यंत अटीतटीची झाली आणि निकाल लागल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवले.