शिंगरांच्या रक्तवाहिन्यांचे प्रतिमानिदान

शिंगरांना जन्मतः असलेले किंवा नंतर जडलेले रक्तवाहिन्यांचे विकार सोनोग्राफी, डॉप्लर आणि सीटी स्कॅनने ओळखण्याची पद्धत.

नाळ : गर्भात नाळेची एक नीला यकृताकडे, तर दोन रोहिण्या मूत्राशयाच्या दोन्ही अंगांनी जातात. जन्मानंतर त्या आक्रसतात. बेंबी बाहेरून सुकलेली दिसत असतानाही आत पू धरलेला असू शकतो. जंतू रक्तात उतरले की सांधे सुजतात. म्हणूनच तान्हे शिंगरू लंगडू लागले, की सांध्याइतकीच बेंबीही तपासावी लागते. पोटावरचे केस भादरून सोनोग्राफी करतात. नीलेचा व्यास सहसा १ सेंमी.च्या आत असतो. ती त्याहून जाड भरली किंवा आत द्रव दिसला तर संशय बळावतो.

हृदयालगतची वाहिनी : फुप्फुसरोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी गर्भावस्थेतील वाहिनी जन्मानंतर काही दिवसांत मिटते. तोवर ऐकू येणारी हृदयाची मर्मर रोगाची खूण नव्हे. ती टिकली तर डॉप्लर करतात.

जंतजन्य रोहिणीदाह : ‘स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस’ या जंताच्या अळ्या चरताना गवताबरोबर पोटात जातात, आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि रोहिण्यांच्या आतल्या अस्तरातून वर सरकत आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिणीत महिनोन्‌महिने मुक्काम करतात. रोहिणीची भिंत जाड होते, गुठळ्या धरतात. त्या सुटून पुढे अडकल्या तर आतड्याचा तुकडा मरतो आणि शिंगरू पोटशुळाने लोळू लागते. या काळात लिदीची तपासणी दगा देते. जंत अंडी घालू लागेपर्यंत सहा-सात महिने जातात. रोहिणी मात्र त्याआधीच पोखरली जाते. मोठ्या घोड्यात गुदमार्गे प्रोब घालून ही रोहिणी पाहता येते, पण शिंगराचे अंग त्यासाठी लहान पडते. पोटावरून पाहू गेले तर आतड्यातला वायू आड येतो. आयव्हरमेक्टिन १९८०च्या दशकात वापरात आल्यावर हा जंत चांगल्या स्टड फार्मांवर दुर्मीळ झाला. डेन्मार्कमध्ये १९९९पासून जंतनाशक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळू लागले. तेथे तो पुन्हा वाढल्याचे काही अभ्यासकांचे मत आहे.

सीटी अँजिओग्राफी : मोठ्या घोड्याचे सहसा डोके, मान आणि पायच यंत्रात मावतात; लहान शिंगराचे मात्र पूर्ण धड माणसांच्या यंत्रातही जाते. भूल देऊन मानेच्या नीलेतून आयोडिनयुक्त द्रव्य सोडतात. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात नीला यातून स्पष्ट दिसते. अशी नीला असलेले शिंगरू चारा-दाणा खाऊ लागल्यावर भेलकांडते, अंधपणे भिंतीला धडकते. त्याच्या रक्तातील अमोनिया वाढलेला असतो.

एमआरआय : रक्तवाहिन्यांसाठी वापर मर्यादित.

स्थानिक संदर्भ : नेरळवरून जाता येणाऱ्या माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने घोडा आजही रोजच्या वाहतुकीत आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला १८८६ साली सुरू झाले. दूध पिणाऱ्या शिंगराला तपासणीसाठी या भागातून तेथवर न्यायचे तर घोडीलाही बरोबर न्यावे लागते, म्हणजे ट्रक आणि सोबतीला दोन माणसे आली. तबेल्यात नेता येणारे सोनोग्राफी यंत्र म्हणूनच येथे पहिल्या कामाचे.