तळटीप : ‘सूर्यास्त’मधले अत्रे
* पंडित नेहरू २७ मे १९६४ रोजी गेले. त्यानंतर आचार्य अत्र्यांनी त्यांच्यावर आपल्या ‘मराठा’ दैनिकात लिहिलेले अग्रलेख ‘सूर्यास्त’ या पुस्तकात आले. हेच अत्रे संयुक्त महाराष्ट्रासाठी ‘मराठा’तून नेहरूंवर तुटून पडत. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडाकडे निघाले, तेव्हा वाई-पसरणी घाटाच्या वाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीचे लोक काळी निशाणे घेऊन उभे होते. आधी टीका आणि मग असा गौरव, ही तरुण वाचकाला कोलांटउडी वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. भांडण मुंबईसाठी होते आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाल्यावर (सीमाभाग सोडला तर) ते मिटले होते. शिवाय मृत्युलेख हा अत्र्यांचा हातखंडा. शब्दांची उधळण मात्र शिव्या घालताना होती तेवढीच.