बेपत्ता माणसांचा न्याय

लष्कराने बळकावलेली सत्ता निवडणुकीने परत मिळाली की लोकशाही पुन्हा स्थापन झाली, असे सामान्यतः मानले जाते. नागरिकांचे हिरावलेले हक्क मात्र मतदानाच्या एका दिवसात परत येत नाहीत. अर्जेंटिनाचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

२४ मार्च १९७६ रोजी तिन्ही सेनादलांनी राष्ट्राध्यक्षा इसाबेल पेरोन यांना पदच्युत केले आणि जनरल विदेला सत्तेवर आले. सशस्त्र डाव्या गटांचा बीमोड हे कारण पुढे करण्यात आले. प्रत्यक्षात कामगार पुढारी, विद्यार्थी, वकील, पत्रकार अशा निःशस्त्र माणसांनाही घरांतून उचलून नेण्यात आले. आरोपपत्र नाही, खटला नाही. चौकशीस गेलेल्या आप्तांना, असा कोणी इसम आमच्या ताब्यात नाही, एवढेच उत्तर मिळे. मृतदेहच नसल्यामुळे खुनाचा आरोप तरी कोणावर ठेवायचा? 'बेपत्ता' या शब्दाची भीषणता यात होती.

३० एप्रिल १९७७ रोजी अशा काही माता ब्यूनोस आयर्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरील प्लासा दे मायो या चौकात जमल्या. थांबून राहण्यास पोलिसांनी मनाई केली, म्हणून त्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. पुढे बाळाच्या लंगोटाचे पांढरे कापड डोक्यास बांधून दर गुरुवारी येण्याचा त्यांचा नेमच झाला. त्यांच्या अग्रणी आसुसेना विलाफ्लोर याच वर्षाच्या डिसेंबरात स्वतःच बेपत्ता झाल्या. तरी फेऱ्या थांबल्या नाहीत.

१९८२ साली फॉकलंड बेटांच्या युद्धात पराभव झाला आणि लष्करशाहीचा पाया खचला. ऑक्टोबर १९८३ च्या निवडणुकीत राउल आल्फोन्सिन विजयी झाले. सत्ता सोडण्यापूर्वी लष्कराने स्वतःलाच माफी देणारा कायदा केला होता. नव्या संसदेने तो रद्द ठरविला. कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८४ साली ८,९६१ बेपत्ता व्यक्तींची व सुमारे ३४० गुप्त छळछावण्यांची नोंद केली. मानवी हक्क संघटनांच्या मते बेपत्तांची संख्या ३०,००० आहे. डिसेंबर १९८५ मध्ये नागरी न्यायालयाने विदेला व नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप सुनावली.

कथा येथे संपती तर ती फार सुबक झाली असती. लष्करातील असंतोषाच्या दडपणाखाली १९८६ व १९८७ साली पुढील खटले रोखणारे दोन कायदे झाले. त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी १९९० पर्यंत विदेलांसह सर्व दोषी सेनानींना माफी दिली. लोकशाही होती, संसद होती, निवडणुकाही होत होत्या. न्याय मात्र परतून गेला होता.

त्या कायद्यांत एक फट राहिली होती. बंदिवासात जन्मलेली अर्भके आईपासून तोडून परक्यांच्या हाती देण्यात आली होती. बालकांच्या अपहरणाला माफी लागू नव्हती. आपल्या नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांनी वंशपरीक्षेचा आधार घेऊन हाच मुद्दा लावून धरला. १९९८ साली विदेला पुन्हा अटकेत गेले. २००३ मध्ये संसदेने ते दोन्ही कायदे रद्द केले व २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या आणि बेनाव पुरलेल्या देहांपैकी एक आसुसेना विलाफ्लोर यांचा असल्याचे सिद्ध झाले. त्यांची रक्षा त्याच चौकात ठेवण्यात आली. विदेला २०१३ साली तुरुंगात मरण पावले.

सत्तांतराने लोकशाहीचे दार उघडले, हे खरे. पण नावे, तारखा आणि साक्षी ज्यांनी माफीच्या काळातही जपून ठेवल्या, त्यांच्यामुळेच न्यायाला त्या दारातून पुन्हा आत येता आले.