एक ‘मस्ट’, दोन अर्थ: परीक्षेतल्या संज्ञा आल्या कुठून?

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला इंग्लिश लँग्वेज घेतली असेल, तर एक शेरा तुमच्या वहीत कधी ना कधी आलाच असेल: संज्ञा नेमकी वापरा. ‘मस्ट हा स्ट्राँग शब्द आहे’ लिहिलं की मार्क जातो. ‘मोडल व्हर्ब’ लिहिलं की निदान सुरुवात तरी होते. या विषयाच्या पहिल्याच असेसमेंट ऑब्जेक्टिव्हमध्ये भाषाविश्लेषणाच्या पद्धतींबरोबर त्यांची परिभाषाही मागितलेली आहे. मग प्रश्न पडतो, की हे सगळं नुसतं पाठांतर आहे का?

एके काळी ते खरंच तसं होतं. इंग्रजीची जुनी व्याकरणं लॅटिनच्या साच्यातून निघाली. लॅटिन नामाला विभक्ती, म्हणून इंग्रजी नामालाही: ‘अ किंग’, ‘ऑफ अ किंग’, ‘टू अ किंग’. आता मराठीत राजाने, राजाला, राजाचा असं रूप खरोखर बदलतं. इंग्रजीत ‘किंग’ जागचा हलतसुद्धा नाही! कानाला न जाणवणाऱ्या फरकांना मुलं नावं पाठ करत होती. लिंडली मरे या मूळच्या अमेरिकन वकिलाने यॉर्कमधल्या मुलींच्या शाळेसाठी लिहिलेलं व्याकरण १७९५ साली आलं. त्याने विभक्तींची संख्या कमी केली, पण चौकट जुनीच ठेवली. पुढची कित्येक दशकं ब्रिटन आणि अमेरिकेतल्या शाळा त्याच पुस्तकावर चालल्या.

ही चौकट आपल्याकडेही पोचली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं. संस्कृत परंपरेत यास्काने शब्दांचे चार वर्ग केले होते. आई-बाबांनी शाळेत घोकलेल्या शब्दांच्या आठ जाती मात्र इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच्या. तरी एक जात बघा. इंग्रजीत ‘प्रीपोझिशन’ नामाच्या आधी येतं, मराठीत ‘घरापुढे’ मधलं ‘पुढे’ नामाला मागून चिकटतं. म्हणून आपण त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतो. इथे नाव भाषेकडे बघून ठेवलंय.

ब्रिटनमध्ये पाठांतराचा फुगा फुटला तो १९४७ साली. मकॉली या संशोधकाने स्कॉटलंडमधल्या मुलांची परीक्षा घेतली. वर्षानुवर्षं व्याकरण शिकूनही बहुतेकांना साध्या वाक्यातलं नाम किंवा क्रियाविशेषण धड ओळखता येईना. पुढच्या दोन दशकांत बहुतेक शाळांमधून व्याकरण जवळजवळ हद्दपारच झालं.

ते परतलं वेगळ्या वाटेने. १९५९ साली रँडॉल्फ क्वर्क यांनी ‘सर्व्हे ऑफ इंग्लिश यूसेज’ सुरू केला. लोक प्रत्यक्षात काय बोलतात, काय लिहितात, ते आधी गोळा करायचं आणि वर्णन त्यावरून करायचं. १९८०च्या दशकात ए-लेव्हलला इंग्लिश लँग्वेज हा स्वतंत्र विषय उभा राहिला, तो याच विचाराच्या जोरावर. १९८८च्या किंगमन अहवालाने सांगितलं, की जुनं घोकंपट्टीचं व्याकरण परत आणायचं नाही, पण भाषा कशी चालते हे मुलांना कळलं पाहिजे. म्हणजे आज परीक्षक मागतात त्या संज्ञा ऐकू येणाऱ्या फरकांची नावं आहेत.

आता ‘मस्ट’कडे परत येऊ. ‘यू मस्ट पे’ आणि ‘यू मस्ट बी टायर्ड’. शब्द तोच. पण घरी आईला हे मराठीत सांगून बघा. पहिलं होईल ‘पैसे भरलेच पाहिजेत’, दुसरं ‘दमली असशील’. मराठीत क्रियापदाची अख्खी ठेवणच बदलली! पहिल्यात सक्ती आहे, त्याला म्हणायचं ‘डिऑन्टिक’. दुसऱ्यात अंदाज आहे, तो ‘एपिस्टेमिक’. फरक तुमच्या कानाला लहानपणापासून माहीत होता, फक्त नाव माहीत नव्हतं.

आणि नाव घेऊन थांबायचं नाही. समजा जाहिरातीत आहे: ‘यू डिझर्व्ह अ बेटर मॉर्निंग’. ‘प्रभावी शब्द वापरले आहेत’ हे उत्तर कुठल्याही जाहिरातीला चालेल, म्हणून ते निरुपयोगी. ‘बेटर’ला ‘कम्पॅरेटिव्ह’ म्हटलंत, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तुलना कशाशी? वाक्यात ‘दॅन’ नाहीच. तुमची आजची सकाळ वाईट आहे, हे न बोलता गृहीत धरलंय. संज्ञेने तुम्हाला लपलेल्या अर्थापर्यंत नेलं, आणि मार्क त्याचे असतात.

१९४७ची ती मुलं आळशी नव्हती. त्यांना नावं दिली होती, फरक ऐकवला नव्हता. पुढचा पेपर सोडवताना आधी वाक्य मराठीत म्हणून बघा. कुठे अडखळलात? तिथेच एखादी संज्ञा तुमची वाट बघत असेल.