पांढरे उंदीर व एक बोलपट

शत्रूच्या शस्त्रांची भीति शस्त्रधाऱ्यांना वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु पडद्यावर हालणाऱ्या छायांची भीति वाटून एखाद्या राजकीय पक्षानें त्यांच्यावर मोहीम काढावी, असें इतिहासांत क्वचितच घडतें. बर्लिन शहरांत इ. स. १९३० च्या डिसेंबर महिन्यांत तें घडलें. नोलेनडॉर्फ चौकांतील मोझार्टसाल या चित्रपटगृहांत ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या अमेरिकन बोलपटाचे खेळ नुकतेच सुरू झाले होते. ता. ५ रोजीं खेळ चालू असतां एकाएकीं आरडाओरडा झाला, दुर्गंधी पसरविणाऱ्या कुप्या फुटल्या आणि अंधारांत खुर्च्यांखालून पांढरे उंदीर धावूं लागले. प्रेक्षकांची पळापळ झाली व खेळ बंद पडला. हा गोंधळ अकस्मात् झालेला नव्हता. नाझी पक्षाचा बर्लिनमधील पुढारी जोसेफ गोबेल्स आपल्या अनुयायांसह तेथें जातीनें हजर होता.

एवढा राग येण्यासारखें त्या बोलपटांत होतें तरी काय? त्याची कथा एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेली होती. १८९८ सालीं ओस्नाब्रुक येथें जन्मलेला रेमार्क १९१६ सालीं, अठरा वर्षांचा असतांना, सैन्यांत घेतला गेला आणि १९१७ च्या जुलैअखेर फ्लँडर्सच्या रणांगणावर जखमी झाला. त्याची कादंबरी १९२९ च्या जानेवारींत पुस्तकरूपानें निघाली व थोड्याच अवधींत तिचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं. बोलपट काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीचा मालक कार्ल लेमले हाही मूळचा जर्मनींतील लाउपहाइम गांवचा. १८८४ सालीं तो अमेरिकेस गेला होता. दिग्दर्शन लुइस माइलस्टोन यानें केलें. १९३० सालच्या नोव्हेंबरांत उत्कृष्ट चित्रपट व उत्कृष्ट दिग्दर्शन अशीं अकॅडमीचीं दोन पारितोषिकें त्यास मिळालीं.

कथेच्या आरंभींचा मुख्य प्रसंग रणांगणावरचा नाहीं. तो शाळेच्या एका वर्गांतला आहे. खिडकीबाहेरून सैन्य चाललें आहे आणि कांटोरेक नांवाचे शिक्षक देशासाठीं मरण्यांतील धन्यता मुलांना पटवून देत आहेत. मुलें उठतात, कागद-पुस्तकें भिरकावून देतात आणि गात गात भरतीसाठीं निघतात. त्यांपैकीं पॉल बॉयमर हा कथेचा नायक. पुढें खंदकांतला चिखल, भूक, उंदीर आणि एकामागून एक मरणारे सोबती एवढेंच त्याच्या वांट्यास येतें. एका खड्ड्यांत अंगावर आलेल्या फ्रेंच सैनिकास तो भोसकतो; रात्रभर त्या मरणाऱ्या माणसाजवळच अडकून पडतो आणि अखेर त्याच्या प्रेताची क्षमा मागतो. रजेवर घरीं आला असतां तो पुन्हां त्याच वर्गांत जातो. तेच शिक्षक तेंच व्याख्यान नव्या मुलांना देत असतात. पराक्रमाची एखादी गोष्ट सांग, असा ते त्याला आग्रह करतात. रणांगणावरील मरणांत कसलीही शोभा नसते, एवढेंच तो सांगतो. आणि वर्गांतील मुलें त्याला भ्याड ठरवितात. शेवटीं खंदकाबाहेर बसलेल्या एका फुलपाखराकडे हात नेतांना पॉलला गोळी लागते. पडद्यावर दिसणारा तो हात स्वतः माइलस्टोनचा होता.

जर्मन सैन्य रणांत हरलेंच नाहीं, घरांतील फितुरांनीं त्याचा घात केला, असा नाझींचा प्रचार होता. भुकेलेले, रडणारे व युद्धाचा अर्थ विचारणारे जर्मन सैनिक दाखविणारा बोलपट त्या प्रचाराच्या मुळावरच येत होता. १९३० च्या सप्टेंबरांत झालेल्या निवडणुकींत त्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या. चित्रपटगृहांतला दंगा आतां रस्त्यांवर आला. सॅक्सनी, बव्हेरिया प्रभृति घटक राज्यांच्या सरकारांनींही हरकत घेतली. अखेर ता. ११ डिसेंबर रोजीं वरिष्ठ परीक्षण मंडळानें, जर्मनीच्या लौकिकास या चित्रानें बाध येतो असें कारण देऊन, पूर्वीं दिलेली परवानगी काढून घेतली. दंगेखोरांना आवरण्याऐवजीं चित्रपटच आवरला गेला. गोबेल्सच्या पदरीं हा पहिला मोठा विजय पडला, आणि रस्त्यावर पुरेसा गोंधळ केला म्हणजे सरकार नमतें, हा धडा त्याच्या पक्षानें चांगलाच ध्यानांत ठेवला.

नमणारें सरकार एकटेंच नव्हतें. १९३१ सालीं जर्मनींत पुन्हां परवानगी मिळाली, ती कांटछांट केलेल्या प्रतीस. आणि तीच प्रत इतर देशांतही दाखवूं, असें वचन कंपनीनें दिलें. बाजार राखण्यासाठीं सत्याचे तुकडे पाडले गेले. १९३२ च्या फेब्रुवारींत जिनीव्हा येथें आर्थर हेंडरसन यांच्या अध्यक्षतेखालीं निःशस्त्रीकरण परिषद भरली. परंतु १९३३ च्या ऑक्टोबरांत हिटलरच्या जर्मनीनें तिच्यांतून अंग काढून घेतलें. त्याच वर्षीं १० मे रोजीं रेमार्कचीं पुस्तकें होळींत पडलीं होतीं. १९३८ सालीं त्याचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. तो स्वतः हातीं लागला नाहीं. पण मागें राहिलेली त्याची बहीण एल्फ्रीड हिचा १९४३ सालीं शिरच्छेद करण्यांत आला. कार्ल लेमले यानें मात्र आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जामीनपत्रें लिहून शेंकडों ज्यूंना जर्मनींतून बाहेर काढलें.

पॉलची भूमिका करणारा ल्यू एअर्स त्या वेळीं अवघा एकवीस वर्षांचा होता. १९४२ सालीं अमेरिकेनें त्यास सैन्यांत बोलाविलें, तेव्हां आपण माणूस मारणार नाहीं, असें त्यानें उघड सांगितलें. त्याच्यावर निंदेचा वर्षाव झाला. कांहीं चित्रपटगृहांनीं त्याचीं चित्रें दाखविण्याचें नाकारलें. त्याची रवानगी ऑरेगॉनमधील एका छावणींत झाली. परंतु शस्त्र नाकारणें म्हणजे संकट टाळणें, असा अर्थ त्यानें केला नव्हता. सैन्याच्या वैद्यकीय विभागांत त्यास घेण्यांत आलें व न्यू गिनी आणि फिलिपाइन्सच्या रणभूमीवर त्यानें जखमींची शुश्रूषा केली.

या बोलपटानें दुसरें महायुद्ध थांबलें नाहीं, हें स्पष्टच आहे. तें सामर्थ्य कोणत्याही चित्रांत नसतें. १९३० सालीं जर्मनींत जें चित्र चालूं दिलें गेलें नाहीं, त्याच कादंबरीवर २०२२ सालीं जर्मनांनींच जर्मन भाषेंत चित्रपट काढला व पुढील वर्षीं त्यास अकॅडमीचीं चार पारितोषिकें मिळालीं. मध्यें ९२ वर्षें गेलीं. मोझार्टसालमधून त्या रात्रीं घाईघाईनें बाहेर पडलेल्या तरुणांपैकीं कित्येकांना मात्र, पॉलनें त्या वर्गांत काय सांगितलें होतें, हें पुढें रणांगणावर जाऊन स्वतःच शिकावें लागलें असेल.